एका बादलीत फियाट

नागपूर, ११ एप्रिल १९७३

पत्राच्या वर काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून ती जागा तशीच सोडली आहे. लग्नानंतर तुम्हाला पत्र लिहायची वेळच कधी आली नव्हती. जबलपूरचा पत्ता तुमच्या इथल्या ऑफिसातून मिळवला. तिथल्या बाबूने "वहिनी, तुमच्याजवळ पत्ता नाही?" असं विचारलं. मी म्हटलं, हरवला.

इथे सगळं ठीक आहे. मामंजींची तब्येत बरी आहे. पाडव्याला गुढी उभारली नाही, आईंचं वर्ष व्हायचं आहे. माझी शाळा सकाळची झाली. उन्हाळा यंदा लवकर चढला आणि पाण्याचे हाल आहेत. नळ सकाळी येतो तो करंगळीएवढ्या धारेने, आणि आपलं घर चढावर, त्यामुळे आपल्यापर्यंत येता येता धार दोऱ्यासारखी होते. गिट्टीखदानच्या या टोकाला सगळ्यांचंच असं आहे.

लिहायला बसण्याचं कारण तुमची गाडी. तुम्ही टेबलावर किल्ली ठेवून जबलपूरला गेलात, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मामंजी रोज ती धुतात. मला वाटलं, दोन-चार दिवस करतील आणि सोडून देतील. तसं झालं नाही. तुम्ही मित्रांबरोबर गाडी घेऊन रामटेकला गेलात आणि इकडे आई गेल्या, दहाव्याला सगळ्यांच्या देखत मामंजींनी तुम्हाला विचारलं, "मोटार घेतली कशासाठी होती रे?" ज्या माणसाने हे विचारलं तोच माणूस पहाटे उठून त्याच मोटारीच्या काचा पुसतो, याचा अर्थ मला लागत नाही. मी विचारत नाही, तेही सांगत नाहीत. त्यांना गाडी चालवता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तरी धोतर खोचून अंगणात उतरतात. आधी नळीने धूत होते. आता नळीत पाणी चढत नाही, तर बादल्या भरून नेतात. एक बादली टपावर, एक बॉनेटवर, दोन दोन्ही बाजूंना, चाकांना वेगळी. घरातलं अर्धं पाणी गाडीला जातं. उरलेल्यात आम्ही दोघं स्वयंपाक, भांडी, कपडे भागवतो. मी परवा आंघोळ न करता शाळेत गेले.

तुम्ही त्यांना दोन ओळी लिहून "गाडी धुऊ नका" एवढं सांगितलंत तर बरं होईल. माझ्या सांगण्याने ते थांबायचे नाहीत.

अरुंधती


नागपूर, २६ एप्रिल १९७३

उत्तर आलं नाही. कामात असाल.

शेजारच्या सिंधूताईंशी भांडण झालं. भांडण म्हणजे त्या बोलल्या आणि मी ऐकून घेतलं. त्या धंतोलीच्या दवाखान्यातून रात्रपाळी करून आल्या होत्या. नळावर हंडा लावला तर धार बंद, आणि कुंपणापलीकडे मामंजी बादली उपडी करताहेत. कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "वहिनी, तुमचे सासरे मोटारीले न्हाऊ घालून राहिले, अन् माह्या घरी प्यायाले गुंडभर पाणी नाई. हे बरं दिसते का वं?"

मी म्हटलं, "नाही दिसत, सिंधूताई."

"मंग तुमी सांगत काहून नाई त्याईले?"

मामंजी ऐकत होते. त्यांनी बादली खाली ठेवली आणि घरात गेले. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी पाहते तर एक कोरडं फडकं घेऊन टप घासताहेत. तुम्हाला ठाऊक आहे इथली उन्हाळ्यातली धूळ कशी असते. देवराव, म्हणजे सिंधूताईंचे यजमान, खापरखेड्याच्या वीजघरात जीप चालवतात. संध्याकाळी ते कुंपणावरून डोकावले आणि म्हणाले, "बाबूजी, सुकं नका घासू. धूळ म्हणजे रेतीच आहे. पॉलिशकागद मारल्यावानी होते." मामंजींनी बोट फिरवून पाहिलं. क्रीम रंगावर गोल गोल बारीक ओरखडे उठले होते, उन्हात जाळ्यासारखे दिसत होते. मामंजी रात्री जेवले नाहीत. ओरखड्यांसाठी जेवण सोडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

म्हणून सकाळी मी म्हटलं, "मामंजी, उद्यापासून मी धुते. एका बादलीत." ते म्हणाले, "एका बादलीत नाही होत." मी म्हटलं, "चार माणसांची धुणी एका बादलीत केली आहेत मी." त्यांनी बादली माझ्याकडे सरकवली.

माझ्यावर काम वाढलं हे सांगायला लिहीत नाही. वाढलं आहे, हे खरं. पण एका माणसाला पाणी हवं आणि दुसऱ्याला गाडी स्वच्छ हवी, आणि दोन्ही माझ्या दाराशी. तुम्ही इथे असतात तर तिसरं काही निघालं असतं का, मला माहीत नाही.

अरुंधती


नागपूर, ९ मे १९७३

तुमचं कार्ड मिळालं. "गाडी विकून टाकावी. गांधीबागेतले मधुकरराव येऊन पाहतील. गिरिधर." मी उलटसुलट करून पाहिलं. मामंजी कसे आहेत, मी कशी आहे, एक शब्द नाही. कार्डावर जागा होती.

शाळेला सुट्टी लागली आहे. दुपारी वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायची सोय नाही, त्यामुळे घर भट्टीसारखं तापतं. फरशीवर ओलं लुगडं टाकून पडते, आणि तिथेच पडून हे लिहिते आहे.

गाडी आता खरोखर एका बादलीत होते. पहिल्या दिवशी झाली नाही. मी धुण्याचा सोडा टाकला, तर रंगाची चमक गेली आणि माझ्या हाताची सालं निघाली. दुसऱ्या दिवशी साबण जास्त झाला, तो काढायला पाणी पुरेना, आणि शहाबादी फरशीवर मामंजींचा पाय सरकला. दाराला धरलं म्हणून वाचले. तेव्हापासून साबण बंद. आता असं करते. ऊन यायच्या आधी, निंबाखाली, गाडीचा पत्रा गार असताना सुरुवात करते. मामंजींचं जुनं धोतर ओलं करून पिळायचं आणि टपावर नुसतं पसरून ठेवायचं. घासायचं नाही. धूळ भिजते, फुगते. धोतर ओढायचं नाही, चारी टोकं धरून उचलायचं, म्हणजे निम्मी धूळ त्याला चिकटून वर येते. मग तेच बॉनेटवर, मग दारांवर. त्यानंतर तांब्याने वरून बारीक धार सोडायची आणि दुसऱ्या, स्वच्छ फडक्याने एका दिशेने पुसत खाली यायचं. फडक्याची घडी दर वेळी बदलायची; एकदा मळलेली बाजू पुन्हा गाडीला लावायची नाही. वरून खाली, शेवटी चाकं. चाकांना कपड्यांच्या शेवटच्या विसळणीचं पाणी. पाखरांची घाण असेल तिथे ओली चिंधी ठेवून द्यायची, ती आपोआप सुटते. उरलेलं गढूळ पाणी निंबाच्या बुंध्याशी.

हे तुम्हाला कशाला सांगते आहे? गाडी तुमची आहे म्हणून. आणि घरात बोलायला कुणी नाही म्हणून.

मी गाडी पुसते तेव्हा मामंजी पायरीवर बसून पाहतात. "तिथे राहिलं", "आरशाच्या मागे", एवढंच बोलतात. एकदा बॉनेटवर हात ठेवून मी म्हटलं, "मामंजी, गिरिधररावांनी गाडी विकायला सांगितली आहे." त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मग उठून आत गेले, आणि जाताना पाठमोरे म्हणाले, "मागचा दिवा पुसायचा राहिला."

एक गोष्ट आज लिहून टाकते, नाहीतर कधीच लिहिणार नाही. त्या रविवारी आईंच्या छातीत कळ आली तेव्हा देवराव कामावर होते, सिंधूताई कामावर. मामंजी डोक्यावर टोपी नाही, पायात वहाण नाही, असे काटोल रोडपर्यंत धावत गेले. टांगा मिळाला, तोही म्हातारा घोडा. आईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बर्डीच्या चौकात मला कळलं की त्या गेल्या. मामंजी टांगेवाल्याला "हाक, हाक" म्हणत होते. मी त्यांना सांगितलं नाही. धंतोलीपर्यंत मी तसंच डोकं मांडीवर धरून बसले. संध्याकाळी तुम्ही हसत संत्र्यांची पिशवी घेऊन आलात. त्यानंतर मामंजींचं काय झालं ते सगळ्यांनी विचारलं, तुमचं काय झालं तेही विचारलं. मला कुणी काही विचारलं नाही. तुम्हीही नाही.

अरुंधती


नागपूर, २० मे १९७३

मधुकरराव आले होते. पांढरा झब्बा, तोंडात पान, बरोबर एक मिस्त्री. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "अहो, नवीसारखी ठेवली आहे हो! पत्र तर जबलपूरहून आलं होतं. गिरिधर इथेच आहे वाटतं?"

मामंजी पायरीवर होते. ताठ झाले. म्हणाले, "हो. म्हणजे येतो-जातो."

मधुकरराव गाडीच्या पलीकडच्या दाराशी गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "पाहिलंस? त्यालाही वाटलं."

"काय वाटलं?"

"गिरिधर इथे आहे असं." मग बोटाने पायरीवर रेघा ओढत म्हणाले, "गाडीवर बोटभर धूळ चढली की येणाराजाणारा विचारतो, मुलगा कुठे आहे तुमचा? काय सांगू? स्वच्छ असली की कुणी विचारत नाही. आत्ताच कुठून तरी आला असेल, असं समजतात. त्याच्या आईला जाऊन चार महिने नाहीत झाले, आणि मुलगाही नाही, हे वस्तीला कशाला दिसायला पाहिजे?"

मी तिथेच उपड्या बादलीवर बसले. एवढे दिवस मी समजत होते, ते स्वतःला शिक्षा करून घेताहेत, किंवा तुम्हाला. शिक्षा वगैरे काही नव्हती. त्यांना फक्त चारचौघांत तुम्ही घरी असल्यासारखं दिसायला हवं होतं.

मधुकररावांना मी सांगितलं की गाडी विकायची नाही. "कागद तर गिरिधरच्या नावावर आहेत, वहिनी," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग कागद त्यांच्याकडून घ्या. गाडी इथे राहील." ते हसले आणि गेले. तुम्ही रागावणार असाल. रागवा; पण इथे येऊन रागवा.

आणखी एक. मी गाडी शिकते आहे. शिकाऊ लायसन्स काढलं. तुमच्या परवानगीची वाट पाहिली नाही. देवरावांना मीच विचारलं. ते आधी घुटमळले, मग सिंधूताईच कुंपणावरून म्हणाल्या, "शिकवा ना जी. उभी राहून राहून सडून जाईन ते मोटार." बॅटरी उतरली होती, ती चार्ज करून आणली. आता देवरावांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी पोलीस लाइन टाकळीच्या मैदानात जातो. मामंजी मागे बसतात. पहिल्या दिवशी मी क्लच असा सोडला की गाडीने उडी मारली आणि मामंजींचा चष्मा पुढच्या सीटवर येऊन पडला.

देवराव म्हणाले, "ताई, घाबरून काहून राहिल्या? तुमी बॉनेट पाहू नका, रोड पाहा. जिकडं नजर तिकडं गाडी."

"आणि ब्रेक?"

"गाडी धुतल्यावर लगेच काढली तं ब्रेक ओले राहते. पयले हळू चालवा, दोन-तीन दफा पाय दाबून पाहा. लागून राहिला का पाहा, मंग भरोसा करा."

मला जमतं आहे. गिअर घालताना अजून खर्र होतं. मागून मामंजी "हं" म्हणतात. ते कौतुक आहे की तक्रार, कळत नाही.

सिंधूताईंकडे आता आपल्या नळाची पहिली धार जाते. आपल्याकडे गाडीला बादली लागते म्हणून मीच ठरवलं.  परवा रिकाम्या हंड्याबरोबर कैरीचं लोणचं आलं.

अरुंधती


धंतोली, नागपूर, २ जून १९७३

हे दवाखान्याच्या व्हरांड्यातून लिहिते आहे. मामंजी आत आहेत, झोपले आहेत. धोका टळला असं डॉक्टर सकाळी म्हणाले. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव वर-खाली व्हायला नको.

परवा दुपारी आंधी आली. सकाळीच धुतलेली गाडी मातीने माखली. मी रेशनच्या दुकानात गेले होते. मी नसताना मामंजी बाहेर आले असावेत. टळटळीत ऊन, पत्रा तापलेला. मी आले तेव्हा ते ओलं धोतर हातात धरून पुढच्या चाकाशी पडले होते. अंग कोरडं आणि चटका बसेल इतकं तापलेलं. घाम नाही. "सरस्वती, दार लाव" म्हणत होते, आईंना हाक मारत होते.

मी कुंपणाशी जाऊन ओरडले. सिंधूताई रात्रपाळी करून झोपल्या होत्या, तशाच केस मोकळे सोडून आल्या. हात लावला आणि म्हणाल्या, "लू लागली. सावलीत घ्या. पाणी आणा." आमच्या घरात माठ होता, तो रिकामा केला. पुरला नाही. सिंधूताई धावत गेल्या आणि त्यांच्या घरातलं पिंप ओढत आणलं. दोन दिवसांचं पाणी होतं ते. तांब्याने नाही, घमेल्याने मामंजींच्या अंगावर ओतलं. मी म्हटलं, "सिंधूताई, तुमचं पाणी..." त्या म्हणाल्या, "चूप बसा. किल्ली कुठं आहे?"

मी म्हटलं, "मला मैदानातच येते. रस्त्यावर कधी..."

"आमचे हे खापरखेड्याले आहे. रिक्षा या उन्हात येत नाई. तुमाले येते तेवढंच पुरे. काढा गाडी."

मी किल्ली आणली आणि गाडीचं मागचं दार उघडलं. आम्ही दोघींनी मामंजींना मागे आडवं केलं. सिंधूताई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, ओली फडकी काखेत, मानेखाली, आणि पुठ्ठ्याने वारा घालत राहिल्या. मांडीवर डोकं पाहून मला क्षणभर काहीच दिसेना. मग देवरावांचं आठवलं, रोड पाहा. मी रोड पाहिला. सदरपर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच गेले, तिसरा टाकायची हिंमत झाली नाही. एका सायकलवाल्याने शिवी दिली. बर्डीच्या चौकात पोलिसाने हात केला, मी थांबले नाही. सिंधूताई मागून ओरडल्या, "सिरियस पेशंट आहे हो!" चौक ओलांडला तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "श्वास आहे ना?"

"आहे. तुमी समोर पाहा."

दवाखान्याच्या दारात गाडी बंद पडली, म्हणजे मीच बंद पाडली. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आले. सिंधूताईंचा हाच दवाखाना, त्यांना सगळे ओळखतात, त्यामुळे क्षणाचाही उशीर झाला नाही. बर्फ, सलाइन. मी स्टिअरिंगवरचे हात काढायला गेले तर बोटं उघडेनात. एकेक करून सोडवली.

काल संध्याकाळी ते शुद्धीवर आले. मला पाहिलं. विचारलं, "गिरिधरला कळवलंस?"

"अजून नाही."

"नको कळवू."   मग म्हणाले, "त्याला कळलं की मी पडलो आणि तो इथे नव्हता, तर तो पुन्हा स्वतःलाच दोष देत बसेल. एकदा मी बोललो तेवढं पुष्कळ झालं."

त्यांनी सांगितलं कळवू नको, मी कळवते आहे. दहाव्याच्या दिवशी त्यांनी जे विचारलं, ते तुम्हाला विचारलं नव्हतं असं मला आता वाटतं. दुःखात माणूस समोर दिसेल त्याला विचारतो. समोर तुम्ही होतात. पण हे त्यांच्याकडून तुम्हाला ऐकायला मिळणार नाही, म्हणून मी लिहिते. आणि तुम्हीही किल्ली ठेवून निघून गेलात, वर न पाहता. मागे मी होते. दोघांच्या मध्ये, रोज, बादली घेऊन.

मला फार थकवा आला आहे. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. नुसतं सांगते.

अरुंधती


नागपूर, १८ जून १९७३

तुमचं पत्र आलं. पाकिटावर मामंजींचं नाव पाहून पोस्टमनने त्यांच्याच हातात दिलं. ते खिडकीशी बसून वाचत होते, बराच वेळ. मला दाखवलं नाही, मी मागितलंही नाही. जेवताना भात कालवत म्हणाले, "तो विचारतो, येऊ का म्हणून. घरी यायला विचारायचं असतं का गं?"

मी म्हटलं, "त्यांना तसं वाटलं असेल."

"तू लिही उत्तर. माझा हात अजून कापतो."

मी विचारलं, "काय लिहू?"

"ये म्हणून लिही. दुसरं काय लिहायचं असतं?"

तर मामंजींचं उत्तर 'ये' असं आहे. माझं जरा लांब आहे.

घरात काय बदललं ते आधी सांगते, म्हणजे दारात उभं राहून चकित व्हायला नको. मामंजी काठी घेऊन फिरतात, पण दुपारी बाहेर पडत नाहीत. डॉक्टरांनी नाही, सिंधूताईंनी बंदी घातली आहे. सिंधूताई आणि देवराव यांच्याशी तुम्ही पूर्वी नमस्कारापुरते बोलत होतात. आता तेवढं पुरणार नाही. त्यांचं पिंप आम्ही भरून दिलं, पण पाणी परत केलं म्हणजे झालं, असं ते पाणी नव्हतं. पक्कं लायसन्स मला गेल्या आठवड्यात मिळालं. परीक्षा घेणाऱ्या साहेबाने गाडीने आठाचा आकडा काढायला लावला, मी काढला. सुट्टीनंतर शाळेत गाडीने जाणार आहे. परवा बाजारात एकाने "बाई गाडी चालवून राहिली" म्हणून दुसऱ्याला दाखवलं. पाहू दे.

गाडी आता आठवड्यातून एकदाच धुते. एका बादलीत, आधी लिहिलं तशीच. ती जाते-येते, म्हणून धूळ चढते, आणि त्या धुळीवरून कुणी काही विचारत नाही. परवा चौकातल्या शेठजींनी मामंजींना विचारलं, "गिरिधर कुठे असतो हल्ली?" मामंजी म्हणाले, "जबलपूरला. नोकरी आहे." बस, तेवढंच. मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

मधुकरराव येऊन गेले तेव्हा मी लिहिलं होतं, रागवायचं असेल तर येऊन रागवा. आता ते मागे घेते. रागवायला येऊ नका, आणि माफी मागायलाही नको. त्यातली एकही गोष्ट ऐकायची ताकद माझ्यात नाही, आणि मामंजींना तर नाहीच. आईंचा फोटो बैठकीत लावला आहे. तो पाहून तुम्हाला रडू आलं तर रडा. मी उठून जाणार नाही. पण तुम्हाला समजावणारही नाही. मला समजावायला कुणी नव्हतं, त्यामुळे ते कसं करतात हे मी विसरले आहे. आपण दोघांनी ते हळूहळू शिकू. तुम्ही जबलपूरचं काम सोडून येणार की सुट्टीवर, हे तुमच्या पत्रात होतं की नाही, मला माहीत नाही. जे असेल ते येऊन सांगा. मी तुमच्याशिवाय राहू शकते, हे या उन्हाळ्यात मला कळलं. ते कळल्यावरही तुम्ही यावं असं वाटतं आहे, म्हणून हे पत्र लिहिते.

कुठल्या आगगाडीने निघणार ते तारेने कळवा. टांगा, रिक्षा करू नका. मी स्टेशनवर येईन. मामंजींनाही यायचं आहे, आणि ते पुढे बसणार म्हणतात. म्हणून तुम्ही मागे बसा. गाडी मी चालवीन. घर येईपर्यंत कुणी काही बोललं नाही तरी चालेल.

तुमची,
अरुंधती